गाळा कुणाला द्यायचा?

पेणच्या बाजारपेठेबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि कुणी विचारो न विचारो, ते मी ऐकवत असे. भुसारवाला, कापडवाला, कासार, सोनार, शिंपी, वह्या-पुस्तकांचं दुकान, सायकलवाला, घड्याळजी ही मंडळी जागच्या जागी असली की बाजार धडधाकट. यांतलं एकेक नाव गळून तिथे मोबाइलची कव्हरं, केक, ब्यूटी पार्लर, पॅथॉलॉजी लॅब, सोनेतारण कर्जाची शाखा आली, की बाजार संपत आला. व्यापाऱ्यांच्या बैठकांत मी हेच बोलायचो. जुन्या दुकानांना करात सवलत द्या आणि नव्यांच्या बाबतीत हात आखडता घ्या, असा अर्जही मी एकदा लिहून दिला होता. अर्जाची भाषा उत्तम जमली होती, सह्याही भरपूर मिळाल्या. आज तो अर्ज पुढे आला तर मी त्यावर सही करणार नाही.

माझा धंदा व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचा. पूर्वी रोजमेळ आणि खतावणी होती, आता टॅली आहे आणि जीएसटीची विवरणपत्रं. राहतो पेणला, पण रोह्यातलीही बरीच कामं धरून आहे, त्यामुळे कासू, नागोठणे, निडी करत जाणारी दिवा-रोहा गाडी अंगवळणी पडली आहे. हिशेब लिहिणाऱ्याला दुकान मागच्या दाराने दिसतं. गिऱ्हाइकाला काचेची कपाटं दिसतात. आम्हाला उधारी, पडून राहिलेला माल, व्याज आणि भाडं. तरी बाजाराबद्दलचं माझं मत मात्र पुढच्या दारानेच आलेलं होतं, आईचं बोट धरून फिरलेल्या मुलाचं. ते खोडून काढणारे कागद माझ्याच टेबलावर येऊन पडत होते आणि मी त्यांच्यावर शिक्के मारून परत देत होतो.

पहिला धक्का रोह्याच्या एका जुन्या पेढीच्या वह्यांनी दिला. वारसांचा वाद होता, म्हणून सगळं दप्तर माझ्याकडे आलं. ‘जुनं कापड दुकान’ म्हणून मी ज्या पेढीचा दाखला भाषणात द्यायचो, तीच ही. सगळ्यात जुन्या वह्यांत कापडाचा पत्ताच नव्हता. होतं ते भात आणि मीठ, आणि कुंडलिकेच्या खाडीतून रेवदंड्याच्या बाजूने येणाऱ्या गलबतांचं भाडं. कापड पुढच्या पिढीने आणलं. मग कौलं आणि सिमेंट. धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली तशी स्टीलची भांडी, पंखे, मिक्सर. गाळा तोच, आडनाव तेच, देव्हाऱ्यातला गणपतीही तोच. माल तीन वेळा बदललेला. मी ज्याला मूळ म्हणत होतो तो त्या गाळ्याच्या आयुष्यातला मधला एक मुक्काम होता, आणि नेमका त्याच मुक्कामाला मी लहान होतो, एवढंच.

पेणचीही कथा फार वेगळी नाही. हा बाजार अंतोऱ्याच्या बंदराने आणि धरमतरच्या खाडीने वाढवला. मिठागरांचं मीठ, खारपट्ट्यातलं भात बाहेर जायचं आणि मुंबईचा माल आत यायचा. बंदराच्या काळातल्या कुणा म्हाताऱ्याने एसटीच्या जमान्यातला बाजार पाहून कपाळावर हात मारला असेलच. मग 1986 मध्ये रेल्वे पेणहून पुढे रोह्यापर्यंत पोचली. रोह्यापासून दक्षिणेकडे सुरू होणारी 741 किलोमीटरची कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, तिचं कौतुक आम्ही सगळ्यांनी केलं आणि ते योग्यच होतं. पण लग्नाचा बस्ता पनवेल-दादरला जायला लागला तो या गाडीमुळे, फोनवरून खरेदी करण्याच्या कितीतरी आधी. कापडवाल्यांच्या खात्यांत ती घसरण स्पष्ट दिसते. आम्ही दोष मात्र बरोबर ज्याच्या हातात मोबाइल आहे त्या पोराला दिला.

भुसारवाल्यांचं तर मी फार रडगाणं गायलं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा नीट सांगतो. जुना भुसारवाला दोन हंगामांवर जगायचा. एक, भात झोडून झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती पैसा यायचा तेव्हा. दुसरा आगोटीचा. चैत्र-वैशाखात आगरी, कोळी, डोंगरातला ठाकूर, वीटभट्टीवरून परतणारा कातकरी, सगळे पावसाळ्याची बेगमी करायला उतरायचे. लाल मिरची, हळकुंडं, गूळ, खडेमीठ, पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुकट, जवळा, बोंबील. चार महिने नाले भरले की वाडीतून बाजारात यायची सोय नसायची, म्हणून चार महिन्यांचं एकदम न्यायचं. पैसे असतील तर रोख, नसतील तर खात्यावर, आणि ते खातं पुढच्या सुगीला मिटायचं. यासाठी भुसारवाल्याला मोठी वखार लागायची, हमाल लागायचे, मापारी लागायचा, आणि वर्षभर पैसे अडकवून ठेवण्याची ताकद लागायची.

आता वाडीपर्यंत रिक्षा जाते. पावसात रस्ता खड्ड्यांत जातो, पण तुटत नाही. (मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली, त्या रस्त्याने आम्हाला खड्ड्यांबद्दल जे शिकवलं ते स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) रेशनवर धान्य मिळतं. घरात फ्रीज आला. कंपनीत कामाला जाणाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडतो, तो पाच किलो तांदूळ नेतो आणि संपला की परत येतो. अशा गिऱ्हाइकाला वखार नको असते. त्याला घराच्या वाटेवरचं, रात्री दहापर्यंत उघडं असलेलं दुकान हवं असतं, दारात मोटरसायकल लावता येईल असं. ते बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत नसून नव्या वस्त्यांच्या नाक्यावर आहे. भुसारवाल्याला कुणी मारलं म्हणायचं? ज्या अडचणीवर तो उभा होता ती अडचण गेली. वाडीतल्या बाईने ती परत मागावी, असं मला आता तरी म्हणवणार नाही.

पण हे सगळं कळूनही माझं मत लगेच बदललं नाही. जुनं गेलं ते कारणाने गेलं, इथवर मी आलो होतो. नवं आलं ते फालतू, हा भाग शिल्लक होता. तो गेला गणपतीमुळे.

पेणचा गणपती म्हणजे काय हे वाचकांना सांगायची गरज नाही. कुंभार आळीपासून हमरापूर-जोह्यापर्यंत वर्षाचे बारा महिने मूर्तिकाम चालतं. परदेशात जाणाऱ्या मूर्ती तर आमच्याकडे आंबा यायच्या आधीच बोटीवर चढतात. माझ्याकडे एका कापडवाल्याचा हिशेब आहे. धंदा इतका बसला होता की गाळा सोडायची भाषा चालली होती. काही वर्षांपूर्वी त्याच्या खरेदीत विचित्र नोंदी यायला लागल्या. सॅटिन, जरीची किनार, लेस, पितांबरी रंगाचं धोतराचं कापड, पण सगळं अर्धा-पाऊण मीटरच्या तुकड्यांत विकलेलं. जोडीला चिकटवायचे खडे, मोती, कुंदन. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, बाप्पाचं आहे. मूर्तीला रंगवलेल्या धोतराऐवजी खऱ्या कापडाचं धोतर नेसवायची आणि खरा फेटा बांधायची पद्धत आली आहे, आणि हे काम आजूबाजूच्या बायका घरी नेऊन करतात. माणसांनी तयार कपडे घ्यायला सुरुवात केली. देवाला अजून माप घेऊन शिवावं लागतं. ते दुकान आज जोरात आहे. बाहेरून पाहणाऱ्याला, म्हणजे मला, ते ‘कापडाचं दुकान गेलं आणि तिथे चमचमत्या वस्तूंचं दुकान आलं’ असंच दिसलं असतं. अर्जात बहुधा मी त्यालाही धरलं होतं.

या मूर्तिकामाच्या आसपास किती दुकानं जगतात ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. रंगवाले, काथ्यावाले, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे, गवत-पेंढ्याचे, टेम्पोवाले. प्लास्टरचा प्रश्न यांच्या सगळ्यांच्या डोक्यावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मे 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं, मग न्यायालयातले खटले, आणि 9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली मुभा: मूर्ती बनवा, विका, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही. त्या काळात बाजारात जी धाकधूक होती ती मी पाहिली. एका नियमाने बाजारातले इतके गल्ले एकदम हलतात, हे एरवी ध्यानात येत नाही.

मग केकवाली. ही बाई आधी घरून केक करायची. तिने बाजारपेठेच्या टोकाला छोटा गाळा घेतला, तेव्हा मी मनात म्हटलं, वर्षभरात बंद. मालाच्या विक्रीला 40 लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा तिला माझी गरजही नव्हती. ती आली ती मुद्रा कर्जाच्या कागदांसाठी. तिच्या वहीत मला गिऱ्हाईक दिसलं. धाटावच्या कंपन्यांतली माणसं, शाळांतल्या शिक्षिका, आणि वाड्यांतूनसुद्धा, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला अर्धा किलोचा केक. ज्यांच्या वाडवडिलांना सोनाराच्या पायरीवरही कुणी बसवून घेतलं नसतं, ती माणसं काचेतल्या केकवर बोट ठेवून नाव काय लिहायचं ते सांगतात. आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या लाडक्या जुन्या यादीतल्या दुकानांपैकी एकाही दुकानाच्या गल्ल्यावर बाई बसलेली मला आठवत नाही. असेल एखादी, तर नवरा गेल्यावर, मुलगा मोठा होईपर्यंत. पार्लर, केक, ब्लाउजचं फॉल-पिको, खडे-लेस, शिकवण्या: आज बाजारपेठेत नव्याने उघडणाऱ्या शटरांपैकी कितीतरी बायकांनी उघडली आहेत. मी ज्याला बाजाराचं खालावणं म्हणत होतो त्यात हेही धरलेलं होतं. हे मान्य करताना मला आनंद होत नाही.

आता मुद्द्याचं. नवी दुकानं बाजार मारत नसतील, जुनी काळाने गेली असतील, तर मग आमच्या बाजारपेठा उदास का दिसतात? पेणला कासार आळीतून चालत जा, रोह्याच्या मुख्य बाजारातून जा. उघड्या दुकानांइतकीच बंद शटरं अंगावर येतात. मी ती वर्षानुवर्षं धंदा बुडाल्याची खूण म्हणून दाखवत होतो. प्रत्यक्षात माझ्याकडे गाळा शोधायला येणाऱ्यांची रीघ आहे. मोबाइल दुरुस्ती करणारा पोरगा, शिवणकाम करणारी, चायनीजची गाडी बंद करून आत बसू पाहणारा. त्यांना गाळा मिळत नाही. दोन बंद शटरांच्या मधल्या ओट्यावर टेबल टाकून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

का मिळत नाही, हे हिशेबनिसापेक्षा कुणाला चांगलं माहीत असणार? 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. आजही काही गाळ्यांच्या पावत्या अशा रकमेच्या आहेत की ती सांगितली तर वाचक हसतील. 31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पागडीला कायदेशीर मान्यता दिली. म्हणजे ज्या भाडेकरूचा धंदा बंद पडला आहे त्याला गाळा सोडण्याचं काहीच कारण नाही. भाडं नगण्य, आणि कधीतरी पागडी येईल ही आशा. मालकाला दुरुस्तीत रस नाही, कारण त्या भाड्यात पत्राही येत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात उडालेले पत्रे काही ठिकाणी अजून नुसते ताडपत्रीवर आहेत ते याचमुळे. आणि जिथे मालकच गाळा धरून आहे, तिथे मालक म्हणजे प्रॉपर्टी कार्डावरची दहा-बारा नावं, निम्मी बोरिवलीत, एखादं न्यू जर्सीत. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला सुरू झाल्यापासून पेणच्या बाजूला तर ‘थांबा, भाव वाढणार आहे’ हे नवं कारण मिळालं आहे.

त्याच नव्या भाडे कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याचा अर्थ माझ्या डोक्यात फार उशिरा शिरला. बँका आणि 1 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून त्या कायद्याचं संरक्षण नाही. हेतू चांगला होता, मोठ्यांना लहानांची सवलत कशाला? परिणाम मात्र उलटा. शिंप्याला गाळा दिला तर तो उठेल का ही धास्ती. कंपनीला दिला तर ती उठते. मालक कंपनीला देतो. चौकातले मोक्याचे गाळे बँका, सोनेतारण आणि साखळी दुकानांकडे का गेले, याचं मी आजवर ‘पैशाचा माज’ असं उत्तर देत होतो. कलम वाचलेलं असूनही.

त्यात पेणची म्हणून एक वेगळी जखम आहे. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवी अडकल्या. त्याच्या राजकारणात मी शिरत नाही. पण गावातला लहान व्यापारी ज्या पैशावर दुकानाचं रूप बदलतो, पंखे टाकून फ्रीज आणतो, वखार पाडून दोन गाळे करतो, तो हाताशी असलेला पैसा त्या वर्षांत बाजारातून नाहीसा झाला. बदलायची वेळ आणि न बदलता येण्याची वेळ एकच आली. पुढची नोटाबंदी, जीएसटी, टाळेबंदी ही सगळीकडे झाली, त्यांच्याबद्दल बरंच लिहून आलं आहे.

इंग्लंडातल्या गावांचे मुख्य रस्ते ओस पडल्याच्या बातम्या मी पूर्वी समाधानाने वाचायचो, आपल्याच रोगाचा मोठा रुग्ण म्हणून. वूलवर्थ्सची आठशेवर दुकानं जानेवारी 2009 पर्यंत एका झटक्यात बंद झाली होती. तिथे आता त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली आहे. दोन वर्षांत 365 दिवसांहून जास्त रिकामा राहिलेला गाळा स्थानिक पालिका लिलावाने एक ते पाच वर्षांच्या भाड्यावर देऊ शकते, मालकाची इच्छा नसली तरी. 2 डिसेंबर 2024 पासून हा अधिकार लागू आहे. कोणतं दुकान असावं यावर काही म्हणणं नाही, गाळा बंद ठेवू नका एवढंच. माझ्या अर्जाच्या अगदी उलट दिशा. आमच्याकडे हे कसं चालेल याची मला खात्री नाही. दहा-बारा वारसांना नोटीस पोचवतानाच पालिका थकेल. पण दिशा हीच हवी असं आता वाटतं.

सगळंच मत उलटलेलं नाही. उधारीचं खातं गेलं याचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते नुसतं आठवणींचं वाटणं नाही. भुसारवाला लुबाडायचाही, वहीत शून्य वाढवायचाही, हे मी पाहिलेलं आहे. पण त्याला कळायचं की यंदा भात कुजलं, आता मागून उपयोग नाही. सोनेतारणाच्या शाखेत तारीख उलटली की नोटीस जाते आणि मंगळसूत्र लिलावात निघतं. शाखेतल्या पोराचा दोष नसतो, त्याला थांबायची मुभाच नसते. बाजारपेठेत अशा शाखांची संख्या वाढते तेव्हा मी अजूनही अस्वस्थ होतो, आणि केकवालीला लावलेलं माप इथे लावायला तयार होत नाही.

हे सगळं मी रोह्याच्या आजोळच्या गाळ्यामुळे इतकं उगाळतो आहे. आजोबांच्या पश्चात तो बंदच आहे. आईचा हिस्सा माझ्याकडे आला. कागदावर सही न करता बसलेल्या वारसांपैकी एक मीही होतो, बाजाराच्या दुर्दशेवर भाषणं करत. आता सही करायला तयार झालो, तर दोन मागण्या पुढे आहेत. एक पार्लरवाली, सध्या बहिणीच्या पडवीत धंदा करणारी. दुसरी सोनेतारणाची कंपनी. मी पार्लरवालीचं नाव घेतलं तेव्हा धाकटा मामेभाऊ म्हणाला, “दादा, तुमचं पटतं. पण ते लोक डिपॉझिट एकरकमी देतायत, करार नोंदवतायत, आणि सांगितलं की उठतील. तिला दिलं नि ती उठली नाही, तर कोर्टात तुम्ही उभे राहणार का?”

राहीन म्हणालो. तिच्या नावाचा पाच वर्षांच्या कराराचा मसुदा करून सगळ्यांना पाठवलाही. काहींच्या सह्या आल्या. बाकीचे पुढच्या आठवड्यात कंपनीच्या माणसाला भेटणार आहेत, आणि त्या बैठकीला त्यांनी मलाही बोलावलं आहे, आकडे समजावून सांगायला.